बत्तिसावी वॅगन

१

कुठल्याही जुन्या मालगाडीचा फोटो माझ्या बाबांसमोर ठेवा, त्यातल्या एकेका वॅगनची कुळकथा ते सांगतील. आता मात्र तो फोटो माझ्यासमोर ठेवावा लागतो. गेल्या तीन वर्षांत बाबांची नजर मधोमध विझत गेली. कडेकडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाही. म्हणून मी बघते आणि सांगते, ते ओळखतात.

बाबा छत्तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात वॅगन तपासनीस होते. मालगाडी आली की हातोडी घेऊन तिच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक चाकावर ठोका द्यायचा, आवाज ऐकायचा, चाकाच्या आसावरच्या पेटीला पालथा हात लावून ती तापली आहे का बघायचं. सगळं ठीक असेल तर वॅगनवर खडूने खूण, म्हणजे ती फिट. नसेल तर खडूनेच 'सिक'. सिक झालेली वॅगन गाडीतून तोडून बाजूला काढतात आणि बरी झाल्याशिवाय हलवत नाहीत. या सगळ्यामुळे यार्डात त्यांना 'डॉक्टर' म्हणत. आई म्हणायची, "घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर आणतील, पण वॅगनला हात लावून सांगतील."

वाहतूक संग्रहालयाने जुन्या मालगाड्यांच्या तीनशे चाळीस फोटोंचं पुस्तक काढायचं ठरवलं तेव्हा संग्रहालयाच्या संचालिका, त्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो, स्वतः दोन जिने चढून आमच्याकडे आल्या. फोटोंवर ना तारखा होत्या, ना वॅगनचे प्रकार लिहिलेले. बाई म्हणाल्या, "तीन तज्ज्ञांना विचारलं. तिघांनीही तुमचंच नाव घेतलं."

त्या दिवशी बाबा दोनदा चहा प्याले.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावरच माझं पोट चालतं, तेव्हा डोळ्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. तरी पहिला महिनाभर बाबांनी मला रडवलं. "काय दिसतं ते सांग. काय वाटतं ते नको." फळ्या आडव्या की उभ्या, किती. दार सरकतं की दोन झडपांचं. छप्पर गोल की उतरतं. ब्रेकची दांडी कुठल्या अंगाला. चाकाला आरे की भरीव. दुपारी तीन ते पाच, खिडकीजवळच्या टेबलावर, हातात भिंग घेऊन मी हे सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

एका वॅगनबद्दल कुणा प्राध्यापकांनी एका लेखात छातीठोकपणे लिहून ठेवलं होतं की ती गुरं नेण्याची. बाबांनी विचारलं, "दारावर लोखंड दिसतं कुठे?" नव्हतं. बिजागऱ्या फिक्या रंगाच्या होत्या. "पितळेच्या आहेत," बाबा म्हणाले. "ठिणगी पडू नये म्हणून. बारुदाची वॅगन आहे ती. त्यात कुणी गुरं भरली असती तर त्या गुरांचं कल्याण झालं असतं." प्राध्यापकांनी नंतर पत्र लिहून चूक कबूल केली. ते पत्र आईने फ्रेम करून लावलं आहे, त्या दोघांच्या लग्नाच्या फोटोच्या वर.

२

दोनशे सतरा नंबरचा फोटो पुलावरून काढलेला होता. भर दुपार, वळणावर उभी लांबलचक मालगाडी, आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"किती वॅगन?" बाबांनी विचारलं. ही नेहमीची सुरुवात.

"एकतीस."

"इंजिनाकडून मोजल्यास?"

"हो."

"आता गार्डाच्या डब्याकडून मोज."

मी मोजल्या. बत्तीस भरल्या.

अशा वेळी आपण हसतो आणि पुन्हा मोजतो. मी पुन्हा मोजल्या. इंजिनाकडून एकतीस. मागून बत्तीस. त्याच फोटोची कागदावर छापलेली एक कच्ची प्रत घेतली आणि इंजिनाकडून सुरुवात करून प्रत्येक वॅगनवर पेन्सिलीने एकेक ठिपका दिला. ठिपके एकतीस झाले, आणि ठिपका नसलेली एकही वॅगन उरली नाही. मग बोट ठेवून मागून मोजत आले तर बाराव्या आणि तेराव्या ठिपक्याच्या मध्ये एक वॅगन होती. तिच्यावर ठिपका नव्हता.

प्रुफं वाचताना असं होतं. एखादी चूक पाच वेळा वाचूनही दिसत नाही, सहाव्या वेळी ती तिथेच दात काढून बसलेली असते. डोळा थकतो. मी बाबांना तेच सांगितलं.

"डोळा थकला नाही तुझा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मागून मोजताना जिथे थांबलीस तिथेच बोट ठेव. उचलू नकोस. फळ्या आडव्या की उभ्या?"

"उभ्या."

"किती?"

मी भिंगातून मोजायला लागले. कुठे एक फळी संपते आणि दुसरी सुरू होते ते ठरेना. "नाही सांगता येत."

"दार?"

"दिसत नाही."

"नंबर?"

"नाही. पण खडूच्या खुणा आहेत. बऱ्याच आहेत." मी भिंग खाली आणलं. "बाबा, यातली एक खूण तुमची आहे."

बाबांची खूण म्हणजे एक गोल आणि त्याला खालून डावीकडे वळलेलं लहानसं शेपूट. शाळेत असताना माझ्या वहीचा अभ्यास तपासून झाला की ते पानाच्या कोपऱ्यात हीच खूण करत. मी ती झोपेतही ओळखीन.

फोटोच्या मागे बाईंनी अंदाजाने साल लिहिलं होतं, आणि पुलाच्या बांधकामावरून बाबांनीच ते बरोबर असल्याचं सांगितलं होतं. त्या साली बाबा चार वर्षांचे होते.

३

मला वाटलं होतं की ते हसण्यावारी नेतील. ते उठले, चाचपडत खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बोलले.

"नोकरीचं दुसरं वर्ष. अशीच दुपार. रूळ तापलेले. गाडीच्या या बाजूने मी, पलीकडच्या बाजूने माझा जोडीदार. नियमच आहे तसा, दोन बाजूंना दोघं. शेवटी दोघांचे आकडे जुळवायचे. मी म्हटलं बत्तीस, तो म्हणाला एकतीस. गार्डाच्या कागदावरही एकतीस. मी नवा होतो. लोक हसले. मी पण एकतीस लिहिले."

"चुकून झालं असेल."

"चौदा वेळा झालं. छत्तीस वर्षांत चौदा वेळा. नेहमी भर दुपारी. गाडी वेगळी, वॅगन तीच. चाकावर ठोका दिला की स्वच्छ आवाज यायचा. इतका स्वच्छ आवाज नव्या चाकालाही येत नाही. स्प्रिंगा ठीक, ब्रेक ठीक. फक्त पेटीला हात लावला की..."

"तापलेली?"

"तापलेली असती तर बरं झालं असतं. तापली की सिक लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ती कोमट होती. थंडीत सगळ्या पेट्या बर्फासारख्या असायच्या, उन्हात चटका द्यायच्या. ही नेहमी सारखीच. माणसाच्या अंगाएवढी." ते वळले. "मी तिला फिट दिली. चौदाही वेळा. पेटी कोमट आहे म्हणून वॅगन सिक करा, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तपासनिसाला मोजता येत नाही म्हणून?" बाबांची मान ताठ झाली. "पण एक ऐक. माझ्यापुढून एकही वॅगन न तपासता गेली नाही. कागदावर नव्हती ती सुद्धा. तिचाही एक ठोका मी चुकवला नाही."

खरं सांगते, अंगावर काटा आला होता, तरी त्या क्षणी मला त्यांचा अभिमानच वाटला.

आई आतून म्हणाली, "आता दोघंही गप्प का झालात? कुठली सापडत नाहीये का?"

"सापडली," बाबा म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या जोडीदाराला, म्हणजे काकांना, फोन केला. काका आता मुलाकडे राहतात, ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे.

"डॉक्टरची बत्तिसावी?" ते मोठ्याने हसले. "अगं, आम्ही त्याला चिडवायचो. म्हणायचो, घरून डबा आणतोस तशी एक वॅगनही आणतोस का?"

"काका, तुम्हाला तुमच्या बाजूने कधी दिसली नाही?"

"दिसायला असायला तर हवी. माझ्या बाजूला वॅगनला वॅगन चिकटलेली असायची. मध्ये बोटभर जास्तीची जागा नाही." मग त्यांचा आवाज जरा मंदावला. "एकदा मात्र मी त्याला हाक मारली होती. दोन वॅगनच्या मधल्या फटीतून पलीकडे तो दिसायला हवा होता. ठोके ऐकू येत होते, अगदी समोरून. तो दिसत नव्हता."

"मग काय दिसत होतं?"

"मी वाकून बघितलं नाही," काका म्हणाले. "पुढच्या वॅगनकडे गेलो. गाडी सुटायची होती ना. तुझ्या बाबांना नमस्कार सांग."

पुढचा आठवडाभर मी तीनशे चाळीस फोटो पुन्हा काढले आणि जिथे पूर्ण गाडी दिसत होती तिथे मागून मोजले. नऊ फोटोंत एक वॅगन जास्त आली. उभ्या फळ्या, दार नाही, नंबर नाही. सर्वांत जुन्या फोटोत तिच्यावर पाच-सात खुणा असतील. सर्वांत अलीकडच्या फोटोत फळ्यांचा मूळ रंगच कळत नव्हता, एवढं खडूचं पांढरं त्यावर साचलं होतं. किती यार्डांतल्या किती तपासनिसांनी तिला फिट म्हणून पुढे पाठवलं होतं, देव जाणे. त्या सगळ्यांनीही मागाहून एक कमीच लिहिली असणार.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि लक्षात आली नसती तर बरं झालं असतं. नऊही फोटो गाडीच्या एकाच बाजूने काढलेले होते.

पुस्तकासाठी बाबांनी मला सांगितलं, "त्या नऊ फोटोंत वॅगनची संख्या लिहू नकोस. खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहून बाईंना अडचणीत आणायचं नाही."

५

पुस्तकाचं प्रकाशन संग्रहालयाच्या आवारात होतं. तिथे एका जुन्या रुळावर अकरा मालवाहू वॅगन रांगेने उभ्या आहेत. रंगरंगोटी केलेल्या, प्रत्येकीपुढे माहितीची पाटी. वीस वर्षांत त्या तसूभरही हललेल्या नाहीत. बाबांनी बाईंकडे एकच गोष्ट मागितली होती: भाषणांआधी त्यांना ती रांग हातोडीने तपासू द्यावी.

दुपारी बाराचा सुमार होता. शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, एका हातात हातोडी आणि दुसरा हात माझ्या कोपरावर. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "तेच आमचे."

पहिल्या चाकावर ठोका पडला आणि सगळं आवार गप्प झालं. निरोगी चाक घंटेसारखं वाजतं. चौथ्या वॅगनचं मागचं चाक घशात काही अडकल्यासारखं वाजलं. बाबा थांबले, बाईंना म्हणाले, "हिच्या चाकाला तडा आहे. उभी आहे तोवर ठीक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. माझा ऊर भरून आला होता. ज्यांना समोर धरलेली वाटी दिसत नाही ते बाबा वीस वर्षं कुणाला न दिसलेली चीर कानाने सांगत होते.

त्यांच्या मागोमाग मीही प्रत्येक पेटीला पालथा हात लावत होते, त्यांनी शिकवलं तसा. लोखंड सावलीत गार होतं. पाचवी गार. सहावी गार. सातवी, आठवी.

नवव्या वॅगनला हात आपसूक मागे आला.

मी वर बघितलं. समोर उभ्या फळ्या होत्या आणि त्यावर खडूच खडू. गोल, फुल्या, रेघा, अक्षरं, एकावर एक, इतक्या हातांची की एकही धड वाचता येत नव्हतं. बाबांचा हात माझ्या कोपरावरून सुटला होता. ते तिच्यासमोर उभे होते आणि त्यांना ठाऊक होतं.

"बाबा, चला," मी हळूच म्हटलं.

"थांब. हिचा ठोका राहिला."

त्यांनी दोन्ही चाकांवर ठोके दिले. मला आयुष्यात तसा स्वच्छ आवाज ऐकायला मिळाला नाही, आणि पुन्हा मिळू नये. मग त्यांनी पेटीवर पालथा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मागे लोक शांत बसले होते. कुणालाही काही वावगं दिसत नव्हतं.

"चौदा वेळा मी हिला पुढे ढकलली," बाबा म्हणाले. "काहीतरी बरं नव्हतं हिचं. हाताला कळत होतं. पुस्तकात नाही म्हणून लिहिलं नाही." त्यांनी खिशातून खडू काढला, चाचपून फळीवर हात टेकवला आणि मोठ्या, स्पष्ट अक्षरांत लिहिलं: सिक.

मग आम्ही पुढच्या वॅगनकडे गेलो. रांग संपली तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "आमच्या या अकरा वॅगनना आज खऱ्या डॉक्टरांचा हात लागला."

मी ठोके मोजले होते. प्रत्येक वॅगनला दोन. ते चोवीस भरले होते.

६

सोमवारी बाईंचा फोन आला. "एक राहूनच गेलं बघा. बाराही वॅगनच्या पाट्या नव्याने करायच्या आहेत. त्या नवव्या वॅगनची माहिती आमच्याकडे कशी नाही कोण जाणे. बाबांना विचारून सांगाल?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे अकरा आहेत ना?"

"बारा," बाई सहजपणे म्हणाल्या. "पहिल्यापासून बाराच आहेत."

बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "सिक लिहिली की वॅगन हलवायची नसते. ती थांबली, तिचं चुकलं नाही."

त्यानंतर दर गुरुवारी ते तिला तपासायला जाऊ लागले. सिक वॅगन बरी होईपर्यंत तपासनिसाची जबाबदारी असते, म्हणाले. मी त्यांना नेत असे. खरं म्हणजे ते मला नेत असत. निवृत्तीनंतर वाकलेली पाठ सरळ झाली होती. बसमध्ये कुणी जागा दिली तर म्हणत, "नको, ड्युटीवर आहे." आई त्यांचा डबा भरून देत होती. घरात इतका आनंद कित्येक वर्षांत नव्हता.

दर गुरुवारी ते पेटीवर हात ठेवून सांगत, "आज जरा जास्त आहे," किंवा "आज उतरलाय."

थंडी पडू लागली होती. तिसऱ्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा एक अनोळखी बाई त्या वॅगनला पाठ टेकून उभी होती. कडेवरचं मूल तिने फळ्यांना टेकवलं होतं आणि ते गाढ झोपलं होतं. "किती छान ऊब आहे इथे," ती मला म्हणाली. "आम्ही रोज येतो." पलीकडे दोन म्हातारे गृहस्थही टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते.

मी त्या बाईला म्हटलं, "मूल काढा तिथून." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच वेडी आहे. शेवटी मी खोटं बोलले, रंग ओला आहे म्हणाले, तेव्हा ती हलली. मूल फळ्यांपासून दूर होताच जागं झालं आणि रडायला लागलं. ती बाई बराच वेळ त्याला थोपटत उभी होती. ते शांत होईना.

७

पाचव्या गुरुवारी बाबांनी पेटीवरचा हात काढला आणि म्हणाले, "माझ्या बाजूने ही बरी आहे. पण एकट्याच्या सांगण्यावर फिट देता येत नाही. हिला पलीकडून कधी कुणी बघितलंच नाही. हिला जोडीदार मिळालाच नाही कधी." ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या आवाजाच्या अंदाजाने थोडे डावीकडे. "जाशील?"

"बाबा, मला त्यातलं काय कळतं?"

"वर्षभर तुझ्याच डोळ्यांनी बघतोय मी. तीनशे चाळीस फोटोंत तू मला एकदाही चुकीचं सांगितलं नाहीस. तुझ्याएवढी नजर माझ्या जोडीदाराचीही नव्हती." त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "जा. तुझ्या बाजूने बघ आणि येऊन सांग."

अशा माणसाने असं म्हटल्यावर पाय मागे घेता येत नाही.

मी रांगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेले. ऊन होतं. गवत पोटरीपर्यंत वाढलं होतं. त्या बाजूला कुणी फिरकत नसावं. मी मोजत चालले. आठव्या वॅगननंतर नववी आली, पण ती माहितीतली, आडव्या फळ्यांची. मी शेवटपर्यंत गेले. अकरा. परत आले. अकरा.

आठवी आणि नववी एकमेकींना नेहमीसारख्या जोडलेल्या होत्या. बफरला बफर टेकलेला, मध्ये माणूस वाकून जाईल एवढी फट. त्या फटीतून पलीकडे बाबांचा पांढरा शर्ट दिसायला हवा होता.

ठोका पडला. समोरूनच.

काका वाकले नव्हते. मी वाकले.

आधी वाटलं, पलीकडे वॅगनची भिंत आहे. उभ्या फळ्या होत्या, फळ्यांच्या जोडांतून उन्हाच्या बारीक रेघा येत होत्या. मग कळलं की या फळ्या मी आतून बघते आहे. खडू बाहेरच्या बाजूला होता, आणि इकडून प्रत्येक खूण उलटी उमटलेली दिसत होती, कागदाच्या पाठीमागून अक्षर दिसावं तशी. फटीतून येणारी हवा कोमट होती. ती थोडी यायची, थोडी थांबायची.

एका रेघेतलं ऊन अडलं. बाबांनी बाहेरून फळीवर हात टेकवला असावा. त्या जागेची फळी हलली. आत नाही, बाहेर, त्यांच्या हाताच्या दिशेने. तिच्या शेजारचीही हलली. मग सगळ्या, वरपासून खालपर्यंत, त्या एका तळहाताकडे ओढ घेत वाकल्या. वाळलेलं लाकूड तसं वाकत नाही.

मी काही आवाज केला नव्हता. तरी त्या फळ्या हळूहळू सैल पडल्या, सरळ झाल्या, आणि मग माझ्या बाजूला वाकायला लागल्या.

८

मी धावत वळसा घालून आले तेव्हा बाबा जागच्या जागी उभे होते. एक हात फळीवर, चेहरा शांत. तशी शांतता मी त्या झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर बघितली होती. मी त्यांचा हात ओढून काढला.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

कुंपणापाशी ती बाई मूल घेऊन उभी होती. आमचं झालं की टेकायला मिळेल म्हणून वाट बघत होती. तिच्यामागे आणखी पाच-सहाजण होते.

मी खरं सांगितलं असतं तर बाबांनी सिक पुसलं नसतं. ती तिथेच राहिली असती आणि ते दर गुरुवारी येऊन तिच्यावर हात ठेवत राहिले असते. खोटं सांगितलं तर ती जाणार होती. कुठेतरी दुसऱ्या यार्डात, भर दुपारी, दुसऱ्या कुणा तपासनिसाच्या पुढ्यात. आपल्या दारातली पीडा दुसऱ्याच्या दारात लोटणं याला म्हणतात, आणि मला ते माहीत होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "माझ्या बाजूने फिट."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात पूर्ण भरवसा होता. त्यांनी बाहीने 'सिक' पुसलं आणि त्यावर आपली खूण केली. मग म्हणाले, "शेजारी तुझी कर. दोघांच्या लागतात."

मी केली. प्रुफात चूक नसली की पानाच्या तळाशी करते ती. फळी खडूखाली किंचित वर आली.

शुक्रवारी मी छापखान्यातून बाईंना फोन करून विचारलं. "अकरा," बाई म्हणाल्या. "अकराच तर आहेत. का हो?"

त्या गुरुवारी संध्याकाळी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही घरी आलो, बाबांनी चपला काढल्या आणि आईला हाक मारली. फोन लावायला सांगून काकांना कळवलं, मग जिन्यातल्या शेजाऱ्यांना थांबवून सांगितलं, मग पुन्हा आईला सांगितलं.

"आज हिने पहिली वॅगन पास केली," ते म्हणाले. "ज्या बाजूने बघायची छत्तीस वर्षांत कुणाची छाती झाली नाही, त्या बाजूने."

आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

"नीट बघितलीस ना पण?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "नीट बघितली."